सजवता काऊन?

“सर, तुम्ही फक्त लिहा ना बाप्पा, सजवता काऊन?” महाल भागातल्या डीटीपीवाल्याचं हे वाक्य मला झोंबलं. एका स्मारिकेचे लेख मी त्याच्याकडे पाठवले होते. कुणी शीर्षक मधोमध यावं म्हणून स्पेसबार बडवला होता, कुणी उपशीर्षकं लाल केली होती. ते सगळं पुसूनच त्याचं काम सुरू होतं.

खरं तर तो माझ्याच मनातलं बोलला. मजकूर वेगळा आणि त्याचं रूप वेगळं, हा माझा लाडका भेद. हे उपशीर्षक आहे, एवढं लेखकाने सांगावं. ते किती पॉइंटात ठेवायचं ते मांडणाऱ्याने पाहावं. लेस्ली लॅम्पोर्टचं लाटेक हे मांडणीचं सॉफ्टवेअर १९८०च्या दशकापासून गणितवाल्यांकडून हेच करून घेतंय.

आपल्याकडे घोळ अक्षरापासूनच आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत संगणक मराठी अक्षर साठवतच नसे, त्याचा आकार तेवढा साठवी. फॉन्ट काढला की लेखाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण पानं लावायच्या पेजमेकरच्या २००१ सालच्या शेवटच्या आवृत्तीलाही ती कळत नव्हती. म्हणून आजही मजकूर इकडून तिकडे ‘कन्व्हर्ट’ होत राहतो आणि सातपुड्याच्या दऱ्या प्रुफात दर्या होऊन येतात.

आमचे एक संपादक स्नेही खिळ्यांच्या काळातले. त्यांना मजकूर आणि रूप हा भेद मान्य नाही. पान समोर आल्याशिवाय लेख संपत नाही, असं ते म्हणतात. चार ओळी पुढच्या पानावर लोंबल्या की मगच कळतं, त्या नकोच होत्या. मी म्हटलं, अहो, तुमच्याच छापखान्यात दोन्ही कामं वेगळी होती! कंपोझिटर हस्तलिखितावरून खिळे जुळवायचा, गॅली प्रूफ निघायचं. लांबलचक पट्टी, तिला पानाचा पत्ताच नाही. लेखकाने काय ती खाडाखोड तिथेच करायची. नंतर पानं बांधली जायची, आणि बांधलेल्या पानात एक शब्द घुसवायचा तर पुढचे खिळे सरकवत जावं लागे. त्या कष्टांच्या धाकानेच शिस्त टिकली. आता पानात बदल करायला काहीच लागत नाही, म्हणून सगळेच पानात बदल करतात. लेखक पीडीएफवर खुणा करतो, मुद्रितशोधक प्रिंटवर, संपादक व्हॉट्सॲपवर. दुरुस्त्या पानात होतात, मूळ फाइल चुकीचीच राहते. पुढे त्याच फाइलीवरून पुस्तक निघतं आणि मेलेल्या चुका जिवंत होतात.

यावर त्यांनी सुरेश भटांची गझल पुढे केली. अरुंद कॉलमात शेराची दुसरी ओळ मावली नाही, तिच्या शेवटचा रदीफ एकटाच तिसऱ्या ओळीत जाऊन बसला. शेर दोन ओळींचा असतो, तीन ओळींचा नव्हे. आता सांगा, म्हणाले, ही ओळ मोडायची जागा मजकूर की मांडणी?

मजकूरच. दुसरं उत्तर मला देता आलं नाही. आणि गझलेचं जे खरं, ते वंशावळीचं, जमाखर्चाच्या तक्त्याचं आणि फोटोखालच्या नावांच्या क्रमाचंही खरं. पान बदललं, पुस्तकातून मोबाइलवर गेलं, तरी जे टिकलंच पाहिजे ते लेखकाचं, बाकीचं मांडणाऱ्याचं. ही रेघ प्रत्येक अंकात वेगळीकडे पडते आणि ती लेखकाला एकट्याला ओढता येत नाही. कॉलम किती रुंद असेल हे त्याला कुठून कळणार? ‘सजवू नका’ हे डीटीपीवाल्याचं बरोबरच. ‘फक्त लिहा’ मात्र चूक.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती आहे. मजकुराची एकच मूळ फाइल ठेवा. पानात झालेली प्रत्येक दुरुस्ती त्याच दिवशी तिच्यात उतरवायला एक माणूस नेमा. आणि डीटीपीवाल्याला अगदी पहिल्या बैठकीलाच बोलवा. फार तर तर्री-पोह्यांची एक प्लेट वाढेल.