हनुक्काची भेट : अडल्या दिवसाची शिदोरी



हनुक्काच्या आठवड्यातील शब्बाथला बहुतेक वर्षी सिनेगॉगमध्ये ‘मिकेत्स’ हा पाराशा वाचला जातो. फारोची दोन स्वप्ने, सात पुष्ट गाई व सात रोड गाई, योसेफाने भरलेली कोठारे, ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. परंतु त्याच पाराशात पुढे एका भेटीची हकिकत येते, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. हे दिवस भेटी देण्याघेण्याचे आहेत. म्हणून आज आपण त्या भेटीचा थोडा विचार करू या.

कनान देशात दुष्काळ पडला होता. पहिल्या खेपेस मिसर देशाहून आणलेले धान्य संपले आणि मुलांना पुन्हा धान्यासाठी पाठविणे भाग पडले. या खेपेस धाकट्या बिन्यामीनालाही बरोबर न्यावयाचे होते. याकोबाचे मन आतून पिळवटून गेले असेल. तरीही त्याने रडत न बसता मुलांना सांगितले की, त्या मिसरी अधिकाऱ्यासाठी भेट न्या. भेट कसली, तर थोडा सुगंधी डिंक, थोडा मध, काही सुवासिक मसाल्याचे जिन्नस, पिस्ते आणि बदाम. मग दुप्पट पैसे बरोबर घेण्यास सांगितले, बिन्यामीनास त्यांच्या स्वाधीन केले, आणि सर्वांत शेवटी सर्वसमर्थ परमेश्वराकडे दयेची याचना केली.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, भेटीतला एकही जिन्नस दोन दिवसांत नासणारा नाही. मध, बदाम, पिस्ते दुष्काळातही टिकतात. दुसरी गोष्ट, भेट थोडकीच आहे. घरात चणचण असताना याकोबाने डामडौल केला नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे क्रम. आधी थैल्या भरल्या, मग प्रार्थना केली. थोर भाष्यकार राशी यांनी या ठिकाणी याकोबाचा आशय असा उलगडला आहे की, आता तुमच्यापाशी कशाची उणीव नाही, उणीव आहे ती फक्त प्रार्थनेची, आणि ती मी करतो. म्हणजे प्रार्थना ही तयारीच्या ऐवजी नाही. ती तयारीला पूर्णत्व देणारी आहे.

यावर कोणी भाविक विचारील की, परमेश्वरावर भरवसा असेल तर साठवण कशाला? ज्याने रानात मान्ना दिला तो आपल्यालाही देईल. शंका रास्त आहे. पण मान्नाचीच कथा नीट वाचावी. इतर दिवशी ज्यांनी उद्याकरिता मान्ना राखून ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. शुक्रवारी मात्र सर्वांना दुप्पट मिळाला आणि शब्बाथसाठी राखलेला मान्ना जराही नासला नाही. साठवणे तेच, भांडेही तेच. फरक होता तो हेतूचा. अविश्वासापोटी आणि हावेपोटी दडवलेले सडते. देवाच्या आज्ञेने, येणाऱ्या दिवसाची जाण ठेवून राखलेले टिकते. नोहालाही नुसते तारू बांध एवढेच सांगितले नव्हते. घरच्या माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी अन्न भरून घे, असेही सांगितले होते.

आणि हनुक्काचा चमत्कार तरी कोठून सुरू होतो? बेथ हमिकदाशमध्ये शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली, तिच्यावर मुख्य कोहेनाची मोहोर होती, आणि एका दिवसाचे तेल आठ दिवस जळले, असे तलमूद सांगतो. एका दिवसाचे आठ दिवस करणे ही परमेश्वराची करणी. परंतु ती कुपी भरून, मोहोर लावून कोणीतरी नीट ठेवली होती. त्याचे नाव कोणालाही माहीत नाही. त्या अनाम माणसाने आपले काम केले नसते, तर दिवा कशाने पेटविला असता?

आपण बेने इस्राएल लोकांना तर तेलाची गोष्ट परकी नाही. हनुक्का आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता. तो आपल्याकडे फार पुढे आला. तेल मात्र ठाऊक होते. कोकणात आपल्या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले तेव्हा सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी आपली परंपरा सांगते. सामान गेले, ग्रंथ गेले. उरले काय? ओठांवर शेमा, मनात शब्बाथ, आणि पोट भरण्याइतका हातांचा कष्टाळूपणा. याच तिहींच्या बळावर पिढ्या उभ्या राहिल्या.

त्याच कोकणात पावसाळ्यापूर्वी ‘आगोट’ भरण्याची रीत होती, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. मृगाच्या आत तांदूळ, मीठ, मिरची, कांदे, सुकी मासळी, सरपण यांची बेगमी करावयाची. कडधान्याला राख किंवा एरंडेल चोळावयाचे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालावयाचा. आता गंमत पाहा. योसेफाने प्रत्येक नगराभोवतीच्या शेतांतले धान्य त्याच नगरात साठविले, असे तोरा सांगते. आणि राशी म्हणतात की ज्या मातीत धान्य पिकले तिचीच थोडी माती त्यात मिसळीत, म्हणजे ते किडत नसे. योसेफाची कोठारे आणि आपल्या आजीची कणगी यांत फारसे अंतर नव्हते! आगोट भरणाऱ्या आजीला कोणी भित्री म्हटले नाही. पाऊस येणार हे तिला माहीत होते, एवढेच.

आपण ज्या देशात येऊन राहिलो तेथील पाऊस निराळा आहे. १९७१ साली मुंबईत खिडक्यांना काळे कागद लावलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. १९९१ साली येथे गॅसचे मुखवटे घालून बंद खोलीत बसलो. ७ ऑक्टोबर २०२३ च्या त्या काळ्या दिवसानंतर, आणि पुन्हा जून २०२५ मधील इराणबरोबरच्या बारा दिवसांच्या युद्धात, सायरन वाजला की काय होते हे नातवंडांनाही कळले. १९९१ नंतर नव्या इमारतींत प्रत्येक घराला संरक्षक खोली सक्तीची झाली. पण लोद, रामला, दिमोना, बेर शेवा, अश्दोद येथील जुन्या चाळवजा इमारतींत आपली कितीतरी म्हातारी माणसे अजून राहतात. त्यांना आडोसा घ्यायचा तर जिने उतरून खाली जावे लागते. गाझाकडून अग्निबाण आला तर अश्दोदला हाताशी ४५ सेकंद असतात, बेर शेवाला एक मिनिट. गुडघे धरलेल्या माणसाने तेवढ्यात किती पायऱ्या उतराव्यात?

म्हणून आमचे सांगणे असे आहे की, या हनुक्काला भेट निवडताना याकोबाची थैली डोळ्यांसमोर ठेवावी. शोभेची फुलदाणी घरोघरी आहे. त्याऐवजी अडल्या दिवशी जी वस्तू ‘मी आहे’ म्हणून पुढे येईल, ती द्यावी.

प्रथम पाणी. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर तीन दिवसांचे नऊ लिटर होतात. दुकानात दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा जो गठ्ठा मिळतो तो बरोबर नऊ लिटरचा. म्हणजे एक गठ्ठा ही एका माणसाची तीन दिवसांची तहान. शेजारच्या एकट्या आजींच्या दारात असा एक गठ्ठा नेऊन ठेवला, तर ती भेट स्वस्त असेल, पण हलकी नव्हे, कोणत्याही अर्थाने! आणि तो आपणच उचलून आत ठेवावा.

मग अन्न. चूल न पेटविता खाता येईल असे हवे. आपल्याला दूर शोधायला नको. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याचे पोहे घरात असतातच. ते पाण्यात भिजवले, साखर आणि सुके खोबरे घातले की झाले. त्यांच्या जोडीला खजूर, बदाम, शेंगदाण्याची चिक्की, डब्यातले चणे. अशी एक पिशवी बांधून द्यावी. तीत जे हामेत्स असेल ते पुरीमपासून खावयास काढावे आणि पेसाहनंतर नवे भरावे, म्हणजे साठा आपोआप दरवर्षी ताजा राहतो. आपले पंचांगच आपल्याला ही शिस्त लावून देते.

नंतर उजेड. ज्याच्यापाशी एकाच दिव्यापुरते पैसे आहेत त्याने हनुक्काचा दिवा लावावा की शब्बाथचा घरातला दिवा, असा प्रश्न तलमूदात आहे. उत्तर असे की घरातला दिवा आधी, कारण घरातल्या माणसांची शांती त्यावर अवलंबून आहे. हनुक्काचा दिवा दाराबाहेर लावावा, पण धोक्याच्या काळी तो आत मेजावर ठेवला तरी पुरे, हेही आपल्या ज्ञानी लोकांनीच सांगून ठेवले आहे. तेव्हा बॅटरीवरचा एक दिवा आणि जास्तीच्या बॅटऱ्या ही हनुक्काला शोभणारीच भेट होय. बंद संरक्षक खोलीत मेणबत्ती मात्र लावू नये. ज्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ नाही त्यांना तो द्यावा. युद्धकाळात शब्बाथसाठी एक ‘मूक’ लहर चालविली जाते. शुक्रवारी रेडिओ लावून ठेवला की तो गप्प राहतो आणि फक्त धोक्याच्या वेळी बोलतो. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवता येतो, नव्हे ठेवलाच पाहिजे, हे आपण जाणताच.

चौथी भेट एका कागदाची. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे : पोलीस १००, मागेन दाविद आदोम १०१, अग्निशामक १०२, होम फ्रंट कमांड १०४. त्याखाली मुलामुलींचे आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक, रोजच्या औषधांची नावे व वेळा. घाबरल्यावर हिब्रू अक्षरे चटकन डोळ्यांत भरत नाहीत; शाळेत गिरविलेला मराठी आकडा भरतो. हा पुठ्ठा नातवंडांनी तयार करावा, म्हणजे आजीला भेट मिळेल आणि नातवाला चार मराठी अक्षरे.

परंतु वस्तूंहून मोठी भेट असते. रांबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत सर्वांत वरची पायरी गुप्तदानाचीही नाही. पडणाऱ्या माणसाला देणगी, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करावे की त्याला पुढे कोणापुढे हात पसरावा लागू नये, ती सर्वांत वरची. बापाने मुलाला तोरा शिकवावी, धंदा शिकवावा, आणि काहींच्या मते पोहणेही शिकवावे, असे तलमूद म्हणतो. ज्यांचे पूर्वज फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागले त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नातवाला प्रथमोपचाराच्या वर्गाची किंवा पोहण्याच्या शिकवणीची फी भरून द्या. नातीला आणि नातवालाही खिचडी, चपाती, बटण लावणे शिकवा. सज्जातल्या कुंडीत कढीपत्ता, कोथिंबीर लावून द्या. खेळणे आठ दिवसांत मोडते. हातातला हुन्नर समुद्रातही बुडत नाही.

दोन गोष्टींची सूचना केल्याशिवाय राहवत नाही. एक, तयारीच्या नावाखाली साठेबाजी होऊ नये. संकट आल्यावर दुकानाची फळी रिकामी करून आणणारा योसेफाचा नव्हे, मान्ना दडविणाऱ्यांचा वारसदार. योसेफाने सुकाळात साठविले, आणि ज्या भावांनी त्याला विकले त्यांच्याही थैल्या भरल्या. दुसरी, भेट देताना भीती देऊ नये. ‘काय वेळ येईल सांगता येत नाही’ असे म्हणून पोरांना घाबरविण्यापेक्षा, वस्तू कशी वापरावी ते हसतखेळत दाखवून द्यावे. आणि सायरन वाजल्यावर कोणी कोणाचे दार ठोठावून कोणाचा हात धरावयाचा, हे प्रत्येक इमारतीत याच आठवड्यात ठरवावे. एकट्या माणसाला ‘मी तुझ्यासाठी येईन’ हा शब्द देणे, आणि तो पाळणे, याहून मोठी भेट आम्हांस तरी सुचत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण शाळेत शिकलो. याकोबाने थैली भरली आणि मग आकाशाकडे हात जोडले. आपणही तसेच करू या. ज्याने एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरविले, तो परमेश्वर आपण भरून ठेवलेल्या थोडक्यालाही बरकत देवो. आणि हे पाणी, हे पोहे, हे दिवे संकटासाठी उघडण्याची वेळ कोणावरही न येता, आनंदाच्या दिवशी शेजाऱ्यांबरोबर बसून संपविण्याचा योग सर्वांना येवो.

हाग हनुक्का सामेआह. आमेन.