दहा फुटांच्या हॉलमधला फोर-के

फोर-के डिस्कचा विषय निघाला की बोलणं लगेच ठिपक्यांच्या हिशेबावर जातं. डीव्हीडीच्या एका चित्रात चार लाखांच्या आसपास ठिपके, ब्लू-रेवर वीस लाख, फोर-केवर ८३ लाख. आकडे खरे आहेत. पण त्यांवर भाळून खरेदीला निघण्याआधी घरात एकदा टेप धरावी. निरोगी डोळ्यालाही अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक तपशील सहसा वेगळा काढता येत नाही. त्या हिशेबाने ४३ इंची टीव्हीपासून साडेपाच फुटांपलीकडे बसलं, की साधी ब्लू-रे आणि फोर-के यांच्या रेखीवपणातला फरक कळेनासा होतो. ५५ इंचीला ही मर्यादा सात फुटांची, ६५ इंचीला साडेआठ. सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात किंवा गोळीबारला, दहा फुटांच्या हॉलमध्ये एका भिंतीला टीव्ही आणि समोरच्या भिंतीला दिवाण. मध्ये उरतात जेमतेम आठ-नऊ फूट. जुन्या ब्लू-रे प्लेअरवर फोर-के डिस्क चालत नाही, म्हणजे नवा प्लेअर आलाच. ४३ इंची पडद्यासमोर केवळ ठिपक्यांसाठी एवढा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण या डिस्कचं खरं बळ ठिपक्यांत नाहीच. ते प्रकाशात आहे. साध्या ब्लू-रेवर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, फोर-के डिस्कवर १०२४. काळोख आणि झगझगीत उजेड एकाच चौकटीत सांभाळणारं एचडीआर तिच्यात आहे, आणि हा फरक दहा फुटांवरूनही दिसतो. अट एवढीच की टीव्हीत तेवढा प्रकाश फेकण्याची ताकद हवी. खोक्यावर एचडीआर छापलेल्या स्वस्त टीव्हींत ती बहुधा नसते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ आठवून पाहा. २०२० साली व्हेनिसला त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्यातला शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलवर जातो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची ध्वनिमुद्रित शिकवण चालू असते. रस्त्यावरचे दिवे, त्यांच्यामागचं काळं आकाश, मधला धुरकट उजेड या सगळ्यावर तो प्रसंग उभा आहे. चित्रपट आपल्याला भेटतो तो नेटफ्लिक्सवर. फोर-के साठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानतं. डिस्कवरून हाच ओघ १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. माहिती दाबून बसवताना पहिला फटका बसतो तो अंधारातल्या हळुवार छटांना. आकाशात पट्टे उमटतात, सावल्यांचे चौकोनी तुकडे पडतात. ज्या चित्रपटाचा जीवच अशा छटांत आहे तो डिस्कवर मिळावा, असं मला मनापासून वाटतं. याच चित्रपटातला शरद पोटासाठी जुन्या टेप सीडीवर उतरवून विकणाऱ्याकडे काम करतो, हे आठवलं की ती इच्छा आणखी तीव्र होते.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. डिस्कवरचा ध्वनी न कापता येतो, स्ट्रीमिंगवरचा कापून. मात्र विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला चित्रपटातली कुजबुज ऐकायला खिडक्या आधी बंद कराव्या लागतात.

मग घ्यावं काय? इथे डिस्कची जात विचारण्यापेक्षा त्या त्या चित्रपटाचा जन्म विचारावा. ३५ मिमीच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये फोर-के भरून उरेल एवढा तपशील असतो. उलट २००० नंतरच्या पुष्कळ चित्रपटांचं, अगदी हॉलिवूडच्याही, अंतिम काम टू-के मध्ये झालं. टू-के म्हणजे आडवे २०४८ ठिपके, आणि ब्लू-रेवर ते १९२० असतातच. अशा चित्रपटाची फोर-के आवृत्ती ताणून मोठी केलेली असते. रंग-प्रकाशात थोडं हाती लागेल, तपशिलात जवळजवळ काहीच नाही. म्हणून १९५५ चा ‘पथेर पांचाली’ फोर-के मध्ये घेण्याला जेवढा अर्थ आहे, तेवढा दहा वर्षांपूर्वीच्या कित्येक भव्य चित्रपटांना नाही. तो ज्या त्रयीतला, त्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या. त्यांतलं वाचलेलं एकेक रीळ सावरून २०१५ मध्ये फोर-के जीर्णोद्धार पुरा झाला, आणि पुढे क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने त्याच्या डिस्क काढल्या.

आग आपल्याकडेही लागली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली. जे उरलं त्यावर आता काम चाललंय, ही आनंदाची गोष्ट. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत दाखवला गेला. पण महोत्सवाची प्रवेशपत्रिका असलेला प्रेक्षक तो पाहून आला. सांताक्रूझच्या घरात त्याची प्रत कुठून आणायची? दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला होता, आणि आपण तो आजही धूसर, ओरखड्यांनी भरलेल्या प्रतींत पाहतो.

कुणी म्हणेल, डिस्कचा जमाना संपला. पहिल्या फोर-के डिस्क अमेरिकेत दुकानांत आल्या त्या २०१६ च्या सुरुवातीला, आणि काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे सीडी-डीव्हीडींचं दुकान बंद झालं तेही त्याच सुमाराला. ओप्पो आणि सॅमसंग यांनी तर पुढे प्लेअर बनवणंच सोडलं. बाजार आटतोय यात शंका नाही. पण स्ट्रीमिंगवरचा चित्रपट आपला नसतो. २०२४ च्या जानेवारीत ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट वादानंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला, तेव्हा तो पाहायचा राहिलेल्यांनी पाहायचा कुठे? कपाटातली डिस्क अशी कुणी परत नेत नाही. जपावं मात्र लागतं. २६ जुलै २००५ ला ज्या सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तिच्या परिसरातली हवा व्हीएचएस कॅसेटला बुरशी आणते. पॉलिकार्बोनेटची डिस्क ओल बरीच सोसते, तरी ती बंद कपाटात, खालच्या खणापासून दूर, उभी ठेवावी.

माझा कौल असा. टीव्ही मोठा आणि खरोखर चांगला असेल, तर फिल्मवर चित्रित झालेले, नीट जीर्णोद्धार झालेले, पुन्हापुन्हा पाहावेसे वाटणारे मोजके चित्रपट फोर-के मध्ये घ्यावेत. क्रायटेरियनच्या एका डिस्कची छापील किंमत ५० डॉलरच्या आसपास, वर टपालखर्च. तेव्हा निवड कठोर हवी. या डिस्कवर प्रदेशाचं कुलूप नसतं, त्यामुळे परदेशातून आणलेली इथे चालते. बाकीच्यांसाठी साधी ब्लू-रे उत्तम आहे. आणि सार्वजनिक पैशातून ज्या मराठी चित्रपटांचे जीर्णोद्धार झालेत त्यांच्या डिस्क राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, म्हणजे एनएफडीसीने, काढाव्यात, पाचशे प्रतींची आवृत्ती असली तरी चालेल. ‘श्यामची आई’ची पहिली प्रत घ्यायला मी रांगेत उभा राहीन.