सुखाला जामीन

जकुझी म्हटलं की आमच्या बँकेतल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे पंचतारांकित हॉटेल आणि त्यात बुडालेला एखादा थकबाकीदार येतो. मूळ हकिकत निराळी आहे. जकुझी बंधू इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेले, विहिरींचे पंप करणारे. त्यांतल्या कँडिडोच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला. इस्पितळात पाण्याच्या धारांनी पोराला आराम पडे. पण घरी काय? म्हणून बापाने घरच्या टबात सोडायचा पंप केला. १९५६ साली तो बाजारात आला. १९६८ साली त्याच घराण्यातल्या रॉयने धारा टबातच बसवल्या, आणि काहीही न दुखणारी माणसंही आत जाऊन बसली.

इथे माझ्यातला कारकून अडतो. कर्जाला जामीनदार लागतो. सुखालाही दुखण्याचा जामीन हवाच का? मी स्वतः सिक लीव्ह टाकल्याशिवाय कामाच्या दिवशी दुपारी झोपलेलो नाही.

आमच्याकडे टब नाही, मोरी आहे. आई रोज रात्री गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावते. परवा सहज विचारलं, "फार दुखतोय का गं?"

"छे, आठ दिवस झाले थांबलाय," ती बोलून गेली आणि चोरी पकडल्यासारखी पिशवी बाजूला सारू लागली.

"असू दे की! बरं वाटतंय ना?"

"उगीच गॅस जळतो रे," म्हणाली, आणि कुठे थोडंफार दुखतंय का ते गुडघा दाबदाबून पाहू लागली.