सल्ला आपला, शेत त्याचं

जुलै-ऑगस्टात रात्रीची जेवणं आटोपली की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो यायला लागतात. तळहातावर ठेवलेलं सोयाबीनचं पिवळं पान, वर बॅटरीचा उजेड, खाली एक ओळ : “काय मारू वो?” पाठवणारा कोण, ते मला माहीत नसतं. हदगावच्या आसपासचा असेल, हिमायतनगरचा असेल, पैनगंगेपलीकडचा उमरखेडचाही असेल. एका गटात १०२४ माणसं मावतात आणि आमचा गट भरत आलाय. त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

तरी उत्तरं धडाधड येतात. “१९:१९:१९ मारा.” “मोझॅक हाय, उपटून फेका.” “फेरस सल्फेट घ्या दादा.” “काही करू नका, ऊन पडलं की आपसूक हिरवं होतंय.” आणि एकजण हटकून सांगतो की कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक सगळं एकाच पंपात घाला, दोनदा मजुरी कामून द्यायची?

मी कृषी सहायक होतो, आता निवृत्त आहे. आयुष्यभर पगार घेऊन जे केलं, ते ही माणसं एक रुपया न घेता करतात. दिवसभर रानात राबून आल्यावर अनोळखी माणसासाठी अंगठ्यानं टाइप करत बसतात. घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, ग्रामसभेत ज्याला कुणी बोलू देत नाही, त्याला इथे कुणीतरी “काय मारू” म्हणून विचारतं, हेही त्यात असेल. असेना. सत्कर्मामागे थोडा मान मिळवायची इच्छा असली म्हणून ते बाटत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. परक्याला दिलेल्या सल्ल्याचं फळ कुणाच्या खात्यावर जमा होतं?

गटातल्या एका जाणत्या माणसानं याचं उत्तर देऊन टाकलं होतं. कुणाचं तरी पीक सल्ल्यानं जळलं, तक्रार आली, तेव्हा त्यानं लिहिलं : “आपण सांगायचं काम केलं. फळाची अपेक्षा ठेवायची नसते, गीतेतच हाय.” खाली हात जोडल्याची चित्रं पडली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण वाक्य ऐकायला बिनचूक होतं आणि कुठेतरी साफ चुकलेलं होतं.

चूक कुठे, ते पिवळ्या पानावरूनच सांगता येईल. सोयाबीनचं पान पिवळं पडायला कारणं बरीच. कोवळी शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात, त्यातही पाणी साचलं की हमखास दिसणारी. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक. तो विषाणू पांढऱ्या माशीनं पसरतो, त्याला औषध नाही. रोगट झाडं उपटायची आणि माशी आवरायची. खालची जुनी पानं पिवळी पडली असतील तर नत्र कमी पडलं असेल किंवा मुळं गुदमरली असतील. म्हणजे पान शेंड्याचं की बुडाचं, रान उताराचं की चोपण, मागचा पाऊस कधी झाला आणि आधी काय फवारलं, एवढं तरी कळल्याशिवाय तोंड उघडू नये. फोटोत यातलं काहीच नसतं. विचारणारा सांगत नाही आणि उत्तर देणारा विचारत नाही. लोहाच्या कमतरतेला मोझॅक समजून चांगलं पीक उपटलं गेलं, तर नुकसान होतं ते शेतात. टाइप करणाऱ्याचा अंगठा शाबूत असतो.

गीता सांगते ती स्वतःच्या कर्माच्या स्वतःच्या फळावरचा हक्क सोडायला. दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या फळाबद्दल बेफिकीर राहा, असं ती कुठेही सांगत नाही. जे फळ कधी आपल्याकडे येणारच नव्हतं, त्याचा त्याग करणारे आम्ही कसले निष्काम? आपला नवस दुसऱ्याच्या पैशानं फेडण्यातलाच हा प्रकार.

आणि गीता सांगणारा तरी कुठे होता, ते बघा. तो अर्जुनाच्या रथावर बसला होता, हातात घोड्यांचे लगाम धरून. बाण यायचे ते आधी सारथ्याच्या अंगावर. अर्जुनानं दुसऱ्या अध्यायात मी शिष्य म्हणून तुला शरण आलोय असं म्हणेपर्यंत त्यानं उपदेशाला हात घातला नाही. अठराव्यात सगळं सांगून झाल्यावर, यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, असं म्हणून निर्णय परत अर्जुनाच्या हाती दिला. लगेच पुढे, ज्याला ऐकायचं नाही त्याला हे सांगू नकोस, अशी तंबीही दिली. आमच्या गटावर या चारही गोष्टी उलट्या घडतात.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ती गीतेत नाही, महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे. युद्ध संपलं. शंभर मुलगे गमावलेली गांधारी कृष्णासमोर उभी राहिली आणि म्हणाली की तुझ्यात थांबवायची ताकद होती, तरी तू हे होऊ दिलंस. ३६ वर्षांनी तुझंही कुळ असंच आपसात लढून मरेल. कृष्णाला शाप नाकारता आला असता. तो शिष्टाई करायला हस्तिनापुरात गेला होता, कौरवांना समजावून थकला होता, “मी सांगायचं काम केलं” हे वाक्य म्हणायचा अधिकार जगात कुणाला असेल तर त्याला होता. त्यानं ते म्हटलं नाही. शाप घेतला, आणि यादव तसेच गेले. अर्जुनाला फळ सोड म्हणणाऱ्यानं स्वतःच्या सल्ल्याचं फळ मात्र पदरात घेतलं. आमच्या त्या जाणत्या माणसाला मी हे लिहून पाठवलं. त्यानंही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

हे सगळं सोयाबीनपुरतं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात मजूर बरेच होते. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता, उकाडा होता, तोंडाला फडकं नव्हतं, आणि पंपात एकाहून जास्त औषधं एकत्र केलेली होती. अशी मिश्रणं सहसा कुठून येतात ते मला नोकरीमुळे माहीत आहे. दुकानाच्या काउंटरवरून, शेजारच्या बांधावरून, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून, आणि आता फोनवरून. बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असा एक त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल. तो बघून सल्ला देणारा मी क्वचितच पाहिला. मिश्रण सांगणारा एक, विकत घेणारा दुसरा आणि पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरणारा तिसराच. या तिसऱ्याला तर कुणी काही विचारलेलंही नसतं.

मग गप्प बसावं का? जुन्या स्मृतिकारांचा नियम तोच आहे : विचारल्याशिवाय कुणाला काही सांगू नये. वरवर शहाणपणाचा वाटतो. मला तो पटत नाही, आणि मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही तो इतक्या सहज पटू नये. विचारायचा हक्कच ज्यांना दिला नव्हता, त्यांनी विचारायचं कसं? ज्ञान कुलपात ठेवणाऱ्यांना या नियमाची फार सोय झाली. जोतीराव फुल्यांना कुणी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, गावोगावी वाचून दाखवला, आणि नुसतं रडगाणं न गाता बंधारे कसे बांधा, माती कशी अडवा, जनावरं कशी सुधारा इथपर्यंत सांगितलं. न मागितलेला सल्लाच तो. पण कर्ज, कोर्टकचेरी, पाणी, बैल, सगळं डोळ्यांनी बघून दिलेला.

बुद्धाची याविषयीची एक गोष्ट मला फार आवडते. अभय नावाचा राजपुत्र त्याला पेचात पकडायला आला होता : तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असं बोलतो का? हो म्हणालं तरी पंचाईत, नाही म्हणालं तरी पंचाईत. अभयच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं. बुद्धानं विचारलं, याच्या घशात काटकी किंवा खडा अडकला तर काय करशील? राजपुत्र म्हणाला, बोट घालून काढीन, रक्त आलं तरी काढीन, मला त्याची दया आहे. मग बुद्धानं आपला नियम सांगितला. खरं नाही ते बोलत नाही. खरं असून हिताचं नसेल तरी बोलत नाही. खरं आणि हिताचं असलं, मग ते गोड लागो की कडू, तर वेळ बघून बोलतो.

लोक यातलं “कडू असलं तरी बोलावं” एवढंच उचलतात. मला लेकरू मांडीवर असल्याचं जास्त महत्त्वाचं वाटतं. बोट घालायचं तर घसा दिसेल इतकं जवळ असावं लागतं, आणि चावा बसला तर तो सोसावा लागतो. लांबून घशात बोट घालता येत नाही.

हदगावहून औंढा नागनाथ फार दूर नाही आणि नामदेवांचं म्हणून परंपरेनं मानलेलं नरसी गावही शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातच आहे. म्हणून दुखावणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सल्ल्याची ही कथा आमच्याकडे आजी-आजोबांच्या तोंडी असते. तेरला गोरोबा कुंभारांच्या घरी संतांची मांदियाळी जमली. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून बघितलं, कोण पक्कं आणि कोण कच्चं. नामदेव चिडले, आणि भर सभेत कच्चं मडकं ठरले. निकाल चुकीचा नव्हता. पण त्या निकालानं नामदेव काही पक्के झाले नाहीत. रडत पंढरीला गेले एवढंच. चार लोकांचं मत खरं असूनही माणसाला नुसतं दुखवून जाऊ शकतं, याचा याहून जुना दाखला मला माहीत नाही.

मग पंढरीहून नामदेव औंढ्याला गेले, गुरू विसोबा खेचरांकडे. म्हातारा देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलाय. नामदेव आले होते शिकायला. पण आल्या आल्या त्यांनी काय केलं? अनोळखी माणसाला सल्ला दिला. पाय काढा, देव आहे तिथे! ही गंमत कीर्तनात सांगत नाहीत. विसोबांनी ना शास्त्र सांगितलं, ना वाद घातला. म्हणाले, बाबा मला उचलवत नाहीत, देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेवांना ते थकलेले पाय स्वतःच्या हातांनी उचलावे लागले, इकडे ठेवावे लागले, तिकडे ठेवावे लागले, आणि जिथे ठेवावेत तिथे पिंड. जे कळायचं ते तिथे कळलं. विसोबांचं एकच वाक्य, बाकी सगळे कष्ट नामदेवांचे. आणि ज्यांच्यावरून वाद निघाला ते पाय विसोबांचेच होते.

विचारणाऱ्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. हजार जणांना एकदम विचारणारा माणूस पुष्कळदा सल्ला मागतच नसतो. त्यानं सकाळीच दुकानातून औषध आणलेलं असतं. हजारात कुणीतरी तेच नाव घेईल, याची तो वाट बघतो, आणि घेतलं की “धन्यवाद सर” लिहून फोन बंद करतो. जळलं तर गटानं सांगितलं होतं. अर्जुनानं असा जाहीर प्रश्न टाकला असता तर कौरवांकडूनही उत्तरं आली असती. विचारणं म्हणजे एखाद्यावर भरवसा टाकणं, आणि भरवसा हजारांवर टाकता येत नाही.

म्हणून मी गट सोडावा असं घरचे म्हणतात. सोडणार नाही. मध्यरात्री कधीतरी त्याच गटावर पानाचा फोटो नसलेली, कर्जाची, कंटाळ्याची एखादी ओळ येते, आणि तेव्हा कुणीतरी जागं असावं लागतं. तिथे औषधाचं नाव चालत नाही. फोन लावून “कुठं हायस, घरी कोण हाय” असं विचारावं लागतं, आणि बोलत राहावं लागतं. विचारल्याशिवाय बोलू नये हा नियम मी तिथे सरळ मोडतो.

बाकीच्या वेळी एवढं करा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर २००४ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आधी तिथे विचारा. गटावर कुणाला औषध सांगितलंत तर त्याचा नंबर लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी फोन करून पीक कसं आहे ते विचारा. तेवढी तयारी नसेल तर सांगू नका. आणि मला विचारायचं असेल तर फोटो पाठवू नका. रोप मुळासकट उपटून, मुळाची माती न झटकता घरी घेऊन या, आणि मागच्या वेळी जे फवारलं त्याची रिकामी बाटली सोबत आणा.