तू कुणाच्या बाजूची?

मागच्या मे महिन्यात बहिणीचं लग्न झालं. अंतरपाट धरला आणि गुरुजींनी माइकवर सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." आईचा एक लांबचा भाऊ पुढे झाला. सख्खा मामा त्या वेळी जालन्याजवळच्या गावात, कार्यालयापासून दीड तासावर, घरी बसून होता. आई कडेला अक्षता मुठीत धरून उभी होती. तिने त्या शेवटपर्यंत टाकल्याच नाहीत, हे मला नंतर व्हिडिओत दिसलं.

नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात मामाला टॉवेल-टोपी द्यायची राहून गेली. मामा काहीतरी बोलला, बाबा त्याहून जास्त बोलले. एवढंच. त्या रात्री परतताना बाबांनी गाडीत आईला विचारलं होतं, "तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?" मी मागच्या सीटवर हेडफोन घालून बसलो होतो. गाणं बंद होतं.

एवढ्याशा कारणावरून घरं तुटतात का? तुटतात. आपल्याच भागात चारशे वर्षांपूर्वी एका हत्तीवरून दोन घरं तुटली होती.

सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मोठे सरदार. घराणं देवगिरीच्या यादवांच्या वंशातलं मानलं जाणारं. त्यांची मुलगी जिजाऊ वेरूळच्या मालोजी भोसल्यांच्या घरात, शहाजीराजांना दिलेली. दोन्ही घरं एकाच दरबारात चाकरीला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त प्रसंग आहे: दरबार सुटला, सरदार बाहेर पडले आणि गर्दीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. लखुजींचा मुलगा दत्ताजी हत्तीवर तुटून पडला. शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी आणि खेळोजी खंडागळ्यांच्या मदतीला धावले. हत्ती राहिला बाजूला, माणसंच भिडली. संभाजीने दत्ताजीला मारलं. पुढे गेलेले लखुजी मागे फिरले आणि त्यांनी संभाजीला मारलं. मध्ये आलेल्या जावयालाही त्यांच्या हातून जखम झाली.

आता हे जिजाऊंच्या जागेवरून बघा. भाऊ गेला, तो सासरच्या माणसाच्या हातून. दीर गेला, तो वडिलांच्या हातून. नवरा जखमी, तोही वडिलांमुळेच. त्या दिवशी जिजाऊंना कुणी "बाजू कुणाची?" असं विचारलं असतं, तर कुठलं उत्तर बरोबर ठरलं असतं?

लखुजी पुढे मोगलांकडे गेले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली, तेव्हा शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि सासरे समोरच्या मोगल फौजेत होते. यावरून लखुजींना फितूर म्हणणं सोपं आहे. पण मी स्वतः पाच वर्षांत दोनदा कंपनी बदलली आहे. आम्ही त्याला 'स्विच' म्हणतो आणि पेढे वाटतो. फरक इतकाच, की माझ्या ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरियड होता. तेव्हाच्या सरदाराच्या चाकरीत शब्द होता, जहागीर होती, आणि हे सगळं एका माणसाच्या मर्जीवर टिकून होतं.

हा पेच फक्त दख्खनचा नव्हता. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये आँगरां द कुसी नावाचा सरदार होता. तहाची हमी म्हणून तो ओलीस इंग्लंडला गेला. तिथे १३६५ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डच्या मुलीशी, इझाबेलाशी, त्याचं लग्न झालं आणि इंग्लंडमध्ये त्याला जहागीरही मिळाली. म्हणजे मालक दोन, आणि दोघांचं एकमेकांशी युद्ध. काही वर्षं तो इटलीच्या मोहिमांवर निघून गेला, कुणाच्याच बाजूने लढायला नको म्हणून. शेवटी १३७७ मध्ये सासरा वारल्यावर त्याने इंग्लंडचे सगळे मानसन्मान परत केले आणि तो फ्रान्सच्या राजाचा झाला. लोकांना ते शुद्ध निष्ठेचं वाटलं असेल. पण त्याची बायको इंग्लंडला राहिली. एक मुलगी बापाच्या देशात वाढली, दुसरी आईच्या. निष्ठा एकाने निवडली, वाटणी झाली त्या तिघींची.

मग निष्ठा ही फालतू गोष्ट आहे का? तसं म्हणवत नाही. मी ज्या शहरात राहतो ते १६१० मध्ये खडकी नावाने वसवलं मलिक अंबरने. हा माणूस अनेकदा गुलाम म्हणून विकला गेला होता, आणि तरी १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने निजामशाही सावरून धरली. असं कुणी धरून ठेवलं नाही तर काहीच उभं राहत नाही. घरही नाही.

पण निष्ठेला दुसरं टोक असतं. लखुजी पुढे निजामशाहीत परत आले. २५ जुलै १६२९ रोजी ते मुजऱ्यासाठी दौलताबादला गेले, तेव्हा त्यांच्यावर दगा करून हल्ला झाला. ते, मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, सगळे तिथेच मारले गेले. यादवांच्या वंशातला म्हणवणारा माणूस यादवांच्याच किल्ल्यात संपला. शाळेच्या सहलीत आम्ही तिथली अंधारी बघितली, मेंढा तोफेवर हात फिरवला. लखुजींचं नाव तेव्हा आमच्या कानावर पडलं नाही. वर्षभरातच शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. सासऱ्याच्या विरुद्ध लढलेला जावई सासऱ्याच्या खुनानंतर त्या दरबारात राहिला नाही. त्याला मी फितुरी म्हणू शकत नाही.

बाजू बदलणाऱ्याचा हिशेब आपण चोख ठेवतो. निष्ठा मागणाऱ्याचा ठेवत नाही. माझ्या मते कसोटी मागणाऱ्याचीच लागायला हवी: तू माझा राहण्यासाठी तुझं दुसरं नातं तोडायला मी सांगतोय का? सांगत असेन, तर मी मागतोय ती निष्ठा नाही, खंडणी आहे. लखुजींचा खून झाला तेव्हा शिवरायांच्या जन्माला सात महिनेही उरले नव्हते. जिजाऊंच्या पोटातल्या त्या बाळाच्या अंगात दोन्ही घरांचं रक्त होतं. ते वेगळं करून दाखवा म्हणणाराच मुळात चुकीचं काहीतरी मागत असतो.

बाबा वाईट नाहीत. त्यांचा अपमान झाला होता, तोही खरा. पण माझं काय? नऊ वर्षं मी 'मध्ये पडत नाही' म्हणत होतो आणि त्याला तटस्थपणा समजत होतो. खरं तर मी बाबांच्याच बाजूला होतो. आईला एकटीला मध्ये सोडून.

गेल्या रविवारी मी बाबांना सांगितलं, "आईला घेऊन मामाकडे चाललोय. तुम्हीही चला." ते पेपरातून वर न बघता म्हणाले, "तुम्ही जा." मग आई पायात चप्पल घालत असताना आत गेले आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. ती तिच्या हातात न देता मागच्या सीटवर ठेवली.

जालना मागे पडल्यावर आईने ती उघडून बघितली. आत एक टॉवेल होता आणि टोपी.