अल्पवयातले मातृत्व आणि धर्माचे प्रमाण

न्हाण येण्याआधी मुलीचे लग्न लावले की पुण्य लागते, या समजुतीला पराशरस्मृतीचा आधार दिला जाई. आठ वर्षांची मुलगी गौरी, नऊची रोहिणी, दहाची कन्या, अशी वर्गवारी तीत आहे. त्याच परंपरेतली सुश्रुतसंहिता वेगळे सांगते. सोळा वर्षांच्या आतल्या मुलीला, पंचविशी न गाठलेल्या पुरुषापासून राहिलेला गर्भ पोटातच दगावतो. मूल जन्मले तरी फार जगत नाही किंवा दुबळे राहते. दोन्ही वचने परंपरेचीच असताना प्रमाण कोणते मानावे, हा खरा प्रश्न आहे.

आजचे वैद्यकशास्त्र सुश्रुताच्या बाजूला उभे आहे. कोवळ्या वयात कटीराची वाढ अपुरी असते, त्यामुळे बाळंतपण अडू शकते. वाढते शरीर आणि गर्भ यांना एकाच आहारातून पोषण लागते, रक्तक्षय बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 20 ते 24 वर्षांच्या मातांपेक्षा 10 ते 19 वर्षांच्या मातांना गर्भारपणातले झटके आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका अधिक असतो. त्यांची बाळे अपुऱ्या दिवसांची किंवा 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची जन्मण्याचा संभवही अधिक असतो.

प्रमाण कोणते, हा वाद जुनाच आहे. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीची वयोमर्यादा 10 वरून 12 वर्षांवर नेली, तेव्हा टिळकांनी सरकारी हस्तक्षेपाला विरोध केला, तर संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी प्रौढविवाह शास्त्रसंमत असल्याचे ग्रंथाधारे दाखवले.

बेळगाव जिल्ह्यात हा प्रश्न सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीशीही जोडलेला आहे. देवीला सोडलेल्या मुलींच्या, म्हणजे देवदासींच्या, वाट्याला कोवळ्या वयातच शरीरसंबंध आणि मातृत्व येई. कर्नाटकाने 1982 मध्ये देवदासी समर्पणावर बंदी घातली. पुढे राज्याच्या 2016 च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातच रद्दबातल ठरला. त्यामुळे कर्नाटकाच्या हद्दीतल्या निपाणीत असा विवाह आपोआप अवैध असतो. शेजारच्या कागलात, महाराष्ट्रात, केंद्रीय कायद्याप्रमाणे तो रद्द करून घेण्यासाठी सर्वसाधारणपणे न्यायालयात जावे लागते. कायदा हद्दीवर बदलतो; पहिलटकरणीच्या शरीरावरचा धोका दोन्हीकडे सारखाच राहतो.

बाळ दगावल्याचे खापर प्राक्तनावर फोडले जाते. पण कारण माहीत असताना आणि ते टाळता येत असताना प्राक्तनाचे नाव घेणे म्हणजे कर्तव्य चुकवणे होय. जीवाचे धारण करतो तो धर्म, ही व्याख्या मानायची तर आई आणि बाळ या दोघांना वाचवणारे वचनच प्रमाण ठरते.