मूठभर बाजरी आणि सात्त्विक दान



आजचं वाचन: गीता, अध्याय 17, श्लोक 20.

भगवंत इथे सात्त्विक दानाची खूण सांगतात. द्यायला हवं म्हणून दिलं, ज्याच्याकडून काही परत येणार नाही अशाला दिलं, आणि देताना जागा, वेळ आणि पात्र बघितलं, तर ते दान सात्त्विक. पुढच्या दोन श्लोकांत राजस आणि तामस दान येतं. म्हणजे नुसतं ‘दिलं’ एवढ्यावर भगवंत थांबत नाहीत. कसं दिलं तेही विचारतात.

हा श्लोक वाचला की मला गॅलरीत येणारी चिमणी आठवते. परतफेड न करणारं तिच्याइतकं दुसरं कोण असेल? आपल्यातले बरेच जण भाड्याच्या खोलीत किंवा पीजीत राहतात. महिनाअखेरीला खिशात फार काही उरत नाही. म्हणून सत्संगात एक प्रश्न नेहमी येतो: पक्ष्यांना घालावंसं वाटतं, पण एवढ्याशा पैशात काय होणार?

आधी हिशोब करू. आमच्या दुकानात बाजरी 40-50 रुपये किलो मिळते. रोज दोन चमचे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम घातली तर एक किलो महिनाभर पुरते. एका वडापावाच्या दोन-तीन फेऱ्यांत महिन्याचं दान! आपल्याकडे गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. त्यातही वेगळी खरेदी नाही. घरात जे शिजलं त्यातलाच एक वाटा काढायचा. त्यामुळे पैसा हा प्रश्न लवकर सुटतो. अवघड प्रश्न त्याच्या पुढे आहे.

महिपतींनी सांगितलेली तुकोबांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तुकोबा शेत राखायला बसले आणि त्यांनी पाखरांना पोटभर खाऊ दिलं. आपण ही गोष्ट दयेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ते शेत दुसऱ्याचं होतं. शेतकरी चिडला, तक्रार पंचांपर्यंत गेली. तिथे पांडुरंगानं धान्य भरून काढलं. आपल्या दाण्यांमुळे खालच्या मजल्यावर जी विष्ठा पडते, ती धुवायला पांडुरंगानं यावं असं आपण धरून चालायचं का?

2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद झाला, तो कोर्टापर्यंत गेला. एका बाजूला श्रद्धेनं दाणे घालणारी माणसं, दुसऱ्या बाजूला फुफ्फुसाच्या आजाराची भीती. कबुतरांची विष्ठा आणि पिसं यांची धूळ सतत श्वासात गेली तर काहींच्या फुफ्फुसांना सूज येते, हे खरं आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांना दमा आहे. माझं पुण्य त्यांच्या श्वासातून वसूल होणार असेल तर ते कुणाचं पुण्य?

महाभारताच्या वनपर्वात उशीनर राजाची कथा आहे. आपण ती बहुतेक वेळा शिबी राजाच्या नावानं ऐकतो. कबूतर राजाच्या मांडीवर शरण येतं. मागून ससाणा येतो आणि म्हणतो, याला वाचवून तू मला उपाशी मारतोयस, आणि माझ्यावर अवलंबून असलेल्यांनाही. जो धर्म दुसऱ्या धर्माच्या आड येतो तो धर्मच नव्हे, असा त्याचा युक्तिवाद आहे. राजा त्याला झटकून टाकत नाही. कबुतराच्या वजनाइतकं मांस तो स्वतःच्या अंगाचं कापून देतो. दयेची किंमत त्यानं स्वतः भरली, शेजाऱ्याकडून भरून घेतली नाही. मला वाटतं, ‘जागा बघून द्या’ याचा अर्थ इथे स्पष्ट होतो.

मग पात्राचं काय? कबुतराला पण भूक लागतेच की! चिमणीला द्यायचं आणि त्याला हाकलायचं, हा न्याय कुठला?

भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगतात. तिथे हरीण, उंदीर, पक्षी, अगदी माशीलाही पोटच्या लेकरासारखं बघायला सांगितलंय. पण लेकराला आपण मागेल ते आणि मागेल तेवढं देतो का? त्याला काय मानवेल ते बघून देतो. खारट फरसाण, बुरशी आलेला पाव, उरलंसुरलं तळण पक्ष्याला घालणं म्हणजे आपला डबा रिकामा करणं झालं. आणि गोण्यांनी दाणे ओतून एकाच जातीची गर्दी वाढवणं हेही लेकराचं भलं नाही. म्हणून मी कठड्यावर दाणे ठेवत नाही. करवंटी टांगलीय, चिमणी बसेल एवढीच, आणि तासाभरात संपतील एवढेच दाणे. तरी कबूतर येऊन बघून जातं तेव्हा मनाला टोचतं. ते टोचणं राहू द्यावं असं मला वाटतं. निवड करावी लागते, पण ती सहज वाटायला लागली तर दया आटली म्हणायची.

वेळही तितकीच महत्त्वाची. एप्रिल-मे मध्ये दाण्यापेक्षा पाणी मोठं दान. कुंडीखालची मातीची ताटली घ्या, पाणी दोन इंचांपेक्षा कमी, मध्ये एखादा दगड म्हणजे लहान पक्ष्याला उभं राहता येईल. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डासांची सोय होईल. घरट्यात पिल्लं असतात तेव्हा चिमणी त्यांना किडे आणि अळ्या भरवते, कोरडे दाणे त्या वयात चालत नाहीत.

आता गीतेचा 9व्या अध्यायातला 26वा श्लोक आठवा. पान, फूल, फळ, पाणी: भगवंत एवढंच मागतात. कुंडीतल्या पानावर अळी दिसली आणि फवारा मारला नाही, तर ते पान शिंप्याच्या पिल्लाचं जेवण. शेजाऱ्यांकडून आणलेली जास्वंदीची फांदी लावली, तर फूल शिंजीराचं. पपईच्या सालीला थोडा गर ठेवला, तर फळ बुलबुलाचं. आणि पाणी सगळ्यांचं. यातलं जवळजवळ काहीच विकत आणावं लागत नाही.

राहिली परतफेड. चिमणी आली नाही तर आपण खट्टू होतो. रील करायला मोबाईल घेऊन बसतो. पितृपक्षात कावळा लवकर शिवला नाही की चिडतो. कुणी शनीसाठी घालतं, कुणी नोकरीसाठी. मी हसत नाहीये, माझ्याही मनात हिशोब चालतोच. पण 21व्या श्लोकात फळाच्या आशेनं दिलेल्याला राजस म्हटलंय. पक्षी न येताही ताटली रोज घासता आली, तर 20व्या श्लोकाच्या थोडं जवळ गेलो.

आजचा संकल्प: दाणे घालण्याआधी एकदा कठड्यावरून खाली वाकून बघा, तिथे कोण राहतं. मग घाला.

राम कृष्ण हरी.